गोवा, डिसेंबर १९६१: सरकारने जगाला दिलेलं कारण टिकणारं होतं का?

मांडवीकाठ

वादविवाद स्पर्धेचा विषय आहे: 'गोव्यावरच्या लष्करी कारवाईसाठी भारत सरकारने दिलेलं समर्थन ग्राह्य होतं.' वाट्याला विरोधी बाजू आली आहे. गोवा भारतात यायला हवा होता की नाही, हा इथे वादाचा मुद्दा नाही. तो यायलाच हवा होता, त्यावर एक मिनिटही घालवायचं नाही. प्रश्न एवढाच, की १७-१८ डिसेंबर १९६१ च्या रात्री फौजा निघाल्या तेव्हा सरकार जे कारण देत होतं, ते त्या दिवशी उभं राहत होतं का.

अडचण अशी की कारण एक सापडत नाही. कुठे अंजदीव बेटावरून झालेल्या गोळीबाराचं उत्तर म्हणून कारवाई, कुठे गोव्यात अंदाधुंदी माजली म्हणून, कुठे 'आमच्याच भूमीवर आक्रमण कसलं' आणि कुठे वसाहतवादाचा शेवट. यातलं नेमकं कोणतं धरून झोडायचं? आणि 'रशियाच्या व्हेटोने वाचलो' हे कितपत खरं? तारखा-आकड्यांसकट सांगितलंत तर उपकार होतील.

---

जुनीसनद

चारही कारणं सरकारने वापरली आहेत, म्हणून तुमचा गोंधळ उडतो. एक ना धड, भाराभर चिंध्या! पण विरोधी बाजूने याच चिंध्या हातात घ्यायच्या असतात. प्रत्येक कारणापुढे तीन रकाने आखा: त्या कारणाला आधार देणारा नियम कोणता, तो नियम १८ डिसेंबर १९६१ ला अस्तित्वात होता का, आणि जमिनीवर जे घडलं ते त्या कारणाशी जुळतं का. बहुतेक वक्ते मधला रकाना विसरतात आणि नंतर तयार झालेला कायदा १९६१ ला लावतात. तिथेच फसतात.

पाया संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा. कलम २(४) म्हणतं, दुसऱ्या राज्याच्या प्रादेशिक अखंडत्वाविरुद्ध बळ वापरायचं नाही. कलम २(३) आणि ३३ म्हणतात, तंटे शांततेने सोडवा. अपवाद दोनच: सुरक्षा परिषदेची परवानगी, किंवा कलम ५१ खालचं स्वसंरक्षण. परवानगी नव्हती. उरलं स्वसंरक्षण.

आता अंजदीव. कारवारसमोरचं हे छोटंसं बेट पोर्तुगीजांकडे होतं. नोव्हेंबर १९६१ मध्ये तिथून 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि एका मच्छीमाराचा जीव गेला. घटना खरी आहे, तिला बनाव म्हणायच्या फंदात पडू नका. काहीजण बोलण्याच्या भरात तसं म्हणून जातात आणि तिथेच डाव हरतात. तुमचा मुद्दा वेगळा आहे. स्वसंरक्षणाची जुनी कसोटी १८३७ च्या 'कॅरोलाइन' जहाजाच्या प्रकरणातून आली: गरज तातडीची हवी, दुसरा मार्ग उरलेला नसावा, विचाराला वेळ मिळू नये इतका प्रसंग अंगावर आलेला असावा, आणि उत्तर त्या प्रसंगाच्या बेताचं असावं. गोळीबार नोव्हेंबरात, फौजा हलल्या डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. मधल्या काळात बेळगावला जमवाजमव झाली, मुत्सद्दी येत-जात राहिले, पत्रव्यवहार झाला. विचाराला वेळ मिळाला नाही असं म्हणायला जागाच नाही.

प्रमाणाचं तर विचारूच नका. गोळी अंजदीववरून सुटली, तर अंजदीव ताब्यात घेणं समजू शकतं. त्याच पहाटे दमण आणि दीववर हल्ला कशासाठी? दीव सौराष्ट्राच्या टोकाला. तिथल्या किल्ल्यातून कारवारच्या मच्छीमाराला कसला धोका होता? हा एकच प्रश्न समोरच्याला विचारा आणि उत्तराची वाट बघा. नकाशा सोबत न्या.

---

घाटमाथा

जुनीसनद यांनी पहिलं कारण निकालात काढलंच आहे. दुसऱ्याकडे वळतो, म्हणजे 'गोव्यात सुव्यवस्था कोसळली, लोकांवर जुलूम चाललाय, म्हणून आत गेलो.'

हे कारण फौजेच्या बांधणीवरून तपासायचं. सुव्यवस्था लावायला निघालेली फौज वेगळी दिसते. इथे मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखाली १७ वी पायदळ डिव्हिजन पूर्वेकडून, ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड उत्तरेकडून, आपल्या सावंतवाडी-दोडामार्गच्या बाजूने. दाभोळीच्या धावपट्टीवर कॅनबेरा विमानांनी बाँब टाकले. मुरगाव बंदरात 'अफोन्सो द अल्बुकर्क' या पोर्तुगीज युद्धनौकेवर 'बेटवा' आणि 'बिआस' या भारतीय युद्धनौकांनी तोफा डागल्या. अंजदीववर नौसैनिकांची तुकडी उतरली, तिथे आपले सात जण गेले. समोर होते तीन-चार हजार पोर्तुगीज सैनिक. एकही लढाऊ विमान नाही, एक रणगाडा नाही. १९ तारखेच्या रात्री गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. भारताचे २२ आणि पोर्तुगालचे ३० मृत्यू, असा हिशेब सर्वसाधारणपणे दिला जातो.

तर ही भूभाग घेण्यासाठी केलेली मोहीम आहे, आणि लष्करी दृष्टीने फार नीट आखलेली. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तिला पोलिसी बंदोबस्ताचं नाव दिलं की ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं होतं. जगाने त्या वेळी नेमकं यावरच बोट ठेवलं.

आणखी एक. समर्थक म्हणतील, 'चौदा वर्षं शांततेने सगळे प्रयत्न केले, मग नाइलाज झाला.' इथे तारखा पाठ करून जा. २७ फेब्रुवारी १९५० ला भारताने वाटाघाटींची मागणी करणारं निवेदन लिस्बनला दिलं. पोर्तुगालने चर्चेलाच नकार दिला. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या तुकडीपासून मोठा सत्याग्रह सुरू झाला. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या आणि वीसहून अधिक माणसं मेली. पुढे काय झालं? भारत सरकारनेच सत्याग्रहींना हद्द ओलांडायला बंदी केली आणि आर्थिक कोंडी सुरू केली. म्हणजे शांततेचा सगळ्यात धारदार मार्ग सरकारने स्वतःच १९५५ च्या सप्टेंबरात बंद केला होता. 'सगळे मार्ग संपले' म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, की यातला कुठला मार्ग पोर्तुगालने बंद केला आणि कुठला आपण?

१४ डिसेंबर १९६१ ला संयुक्त राष्ट्रांचे हंगामी सरचिटणीस ऊ थांट यांनी दोन्ही पंतप्रधानांना वाटाघाटी करा म्हणून कळवलं होतं. चार दिवसांनी फौजा आत. हेही टिपून ठेवा.

(उत्तर मुंबईतून कृष्ण मेनन फेब्रुवारी १९६२ ला आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते, म्हणून निवडणुकीसाठी गोवा घेतला, हा मुद्दा बरेचजण मांडतात. मांडू नका. हेतू काहीही असो, कारण वैध की अवैध याचं उत्तर हेतूने मिळत नाही. परीक्षक शहाणा असेल तर गुण कापेल.)

---

तळटीप

तिसऱ्या कारणावर, म्हणजे 'आमचीच भूमी, आक्रमण कसलं' यावर फारसं कोणी खोलात जात नाही. खरं तर विरोधी बाजूला सगळ्यात सोपं लक्ष्य हेच आहे.

सुरक्षा परिषदेत भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी मांडलेली भूमिका साधारण अशी: गोवा भारताचाच भाग, पोर्तुगालने १५१० मध्ये बळाने घेतलेला. त्यांचं सार्वभौमत्व आम्ही मानतच नाही, म्हणून आमच्याच देशात आम्ही आक्रमण करू शकत नाही. ऐकायला जोरदार. पण कायद्यात एक तत्त्व आहे: एखाद्या घटनेचं मूल्यमापन ती घडली त्या काळच्या कायद्याने करायचं. १९२८ च्या पाल्मास बेटाच्या निवाड्यात लवाद माक्स हुबर यांनी ते स्पष्ट मांडलं. सोळाव्या शतकात जिंकून घेतलेला प्रदेश त्या काळच्या कायद्याने जिंकणाऱ्याचा होई. तो नियम आज घृणास्पद वाटतो, पण १५१० ला लावायचा तोच. नाहीतर जगातली अर्धी सरहद्द उद्या सकाळी बेकायदा ठरेल, त्यात आपल्याही काही आल्या.

दुसरा फटका हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातातून गेली. पोर्तुगालला दमणहून तिथे फौज न्यायची होती, भारताने वाट दिली नाही. १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, १९ डिसेंबरला त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ डिसेंबरला खटला गुदरला. आठ दिवसांत! निकाल १२ एप्रिल १९६० चा.

या खटल्यात आपल्या पेशवाईचे कागद हेगला पोचले. १७७९ च्या डिसेंबरात पुण्याच्या दरबाराने पोर्तुगीजांना बारा हजार रुपये वसुलाची गावं दिली, त्याचा तह आणि नंतरच्या सनदा. भारताचं म्हणणं, ही फक्त वसुलाची नेमणूक आहे, राज्याचा हक्क दिलेला नाही. न्यायालयाने एवढं मान्य केलं: मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलेलं नव्हतं. पण लगेच पुढे म्हटलं, की नंतर इंग्रजांनी त्या गावांवरचं पोर्तुगीज सार्वभौमत्व प्रत्यक्ष व्यवहारातून मानलं आणि त्यानंतर भारतानेही ते मूकपणे मानलं.

हा निकाल दादरा-नगर हवेलीपुरता आहे, गोव्याचा नाही, हे प्रामाणिकपणे सांगा. मात्र पेशव्यांनी वसुलापुरत्या दिलेल्या गावांवर जर पोर्तुगीज सार्वभौमत्व मान्य झालेलं धरलं जातं, तर साडेचारशे वर्षं सलग ताब्यात असलेल्या गोव्यावर ते नव्हतंच, हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? डिसेंबर १९६१ ला हा निकाल जेमतेम वीस महिने जुना होता. झा यांच्या समोरच्या बाकांवरच्या सगळ्यांनी तो वाचलेला होता.

मतांची विभागणी लक्षात ठेवा, समोरचा 'पोर्तुगाल हेगला हरला' म्हणेल. अकरा विरुद्ध चार: खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाट मिळण्याचा पोर्तुगालचा हक्क मान्य. आठ विरुद्ध सात: सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं-दारूगोळा यांना हक्क नाही. नऊ विरुद्ध सहा: भारताने आपल्या जबाबदारीचा भंग केला नाही. म्हणजे भारत जिंकला, पण ज्या पायरीवर पाय ठेवून जिंकला ती पोर्तुगीज सार्वभौमत्व मानणारी होती.

---

दर्यागाणं

एवढा कीस कशाला? ४५१ वर्षं दुसऱ्याच्या घरात घुसून बसलेल्याला हाकलायला कसली आलीये कलमं. कोकणातल्या कुणालाही विचारा.

---

जुनीसनद

दर्यागाणं, स्पर्धेचा विषय 'गोवा कुणाचा' असता तर तुमचं एक वाक्य पुरलं असतं. विषय 'सरकारने दिलेलं समर्थन' असा आहे. शिवाय तेव्हा स्वतः सरकारनेच कलमांची भाषा वापरली. सनदेचं उल्लंघन झालेलं नाही असा दावा केला की सनदेने तपासणी होणारच.

---

किनारपट्टी

आतापर्यंत सगळे एकाच बाजूने ओढताहेत. मांडवीकाठ, समोरची बाजू चौथं कारण घेऊन आली तर वरचं सगळं बाजूला पडेल. त्यांचा चांगला वक्ता पहिली तीन कारणं स्वतःच सोडून देईल. म्हणून हे नीट ऐका.

१४ डिसेंबर १९६० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव १५१४ केला. बाजूने ८९, विरोधात शून्य, तटस्थ ९. तटस्थांत पोर्तुगाल, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स. ठराव म्हणतो, परकी सत्तेखाली लोकांना ठेवणं सनदेच्या विरुद्ध आहे आणि वसाहती तत्काळ मोकळ्या करा. दुसऱ्याच दिवशी ठराव १५४२: पोर्तुगालच्या ताब्यातल्या कोणकोणत्या प्रदेशांना स्वराज्य नाही त्याची नावानिशी यादी. त्यात अंगोला, मोझांबिक, मकाव यांच्याबरोबर 'गोवा आणि त्याला जोडलेले प्रदेश' असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे कारवाईच्या वर्षभर आधी जगाने नाव घेऊन सांगितलं होतं, की गोवा ही पोर्तुगालची भूमी नाही, त्याच्या ताब्यातली वसाहत आहे.

पोर्तुगालचं उत्तर: आमच्याकडे वसाहती नाहीतच, हे सागरापारचे प्रांत आहेत. जुनीसनद यांची तारखेची कसोटी इथे लावून बघा, मजा येईल. १९३० च्या त्यांच्याच कायद्याचं नाव 'वसाहत कायदा'. 'प्रांत' ही पाटी लागली १९५१ च्या घटनादुरुस्तीने. भारताची मागणी कधीची? फेब्रुवारी १९५०. मागणी आल्यावर वर्षभराने पाटी बदलली. सरकारी कारण खोटं कधी ठरतं याचा याहून सरळ नमुना मिळणार नाही, फक्त तो लिस्बनचा आहे.

तेव्हा समर्थक म्हणेल: कलम २(४) दुसऱ्या राज्याच्या प्रादेशिक अखंडत्वाला संरक्षण देतं. जो प्रदेश आमसभेने पोर्तुगालपासून वेगळा मोजलाय, तो पोर्तुगालच्या अखंडत्वात येतोच कसा? हा युक्तिवाद वजनदार आहे आणि सुरक्षा परिषदेत सिलोन (आजचं श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (इजिप्त) जवळपास याच वाटेने गेले. त्यांच्या मसुद्याने पोर्तुगालची तक्रार फेटाळा आणि पोर्तुगालला भारताशी सहकार्य करून वसाहत सोडायला सांगा अशी मागणी केली होती.

याला छेद कुठे द्यायचा तेही सांगतो. १५१४ मध्ये बळ वापरायची परवानगी नाही. एक शब्दही नाही. उलट त्याच्या चौथ्या परिच्छेदात पराधीन लोकांविरुद्धची सशस्त्र दडपशाही थांबवा असं आहे, ते बंधन वसाहतवाल्यांवर. मुक्तिलढ्याला बळ वापरता येतं का याची भाषा नंतर, म्हणजे १९६५ च्या ठराव २१०५ पासून आणि १९७० च्या २६२५ मधून घडत गेली. आणि तीही लढणाऱ्या लोकांबद्दल आहे. १९६१ ला बळ गोवेकरांच्या सेनेने नाही, शेजारच्या राज्याने वापरलं.

दुसरी फट जास्त खोल आहे. वसाहतमुक्तीचा गाभा म्हणजे तिथल्या लोकांची इच्छा. भारतात यायचं का, असा थेट प्रश्न गोव्यात मतपेटीतून कधीच विचारला गेला नाही. १६ जानेवारी १९६७ चं जनमत पुढे केलं जातं, पण त्यात पर्याय दोनच होते: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. दोन्ही भारतातले. डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) आणि युनायटेड गोवन्स हे दोन मोठे पक्ष निघाले आणि दोघांनाही भारतातच राहायचं होतं, म्हणून इच्छा काय होती याबद्दल मला शंका नाही. पण तो नंतरचा पुरावा. १८ डिसेंबर १९६१ ला सरकारच्या हातात मोजलेली इच्छा नव्हती.

समर्थकाकडे याचंही उत्तर आहे, सावध राहा. दुसऱ्या देशाच्या कुशीतल्या चिमुकल्या वसाहतीला वेगळं स्वयंनिर्णय नसतं, ती सभोवतालच्या देशाला परत मिळते, असा व्यवहार पुढे दिसतो. डाहोमीने (आजचं बेनिन) १ ऑगस्ट १९६१ ला, म्हणजे गोव्याच्या साडेचार महिने आधी, पोर्तुगालचा साओ जोआओ बाप्तिस्ता द अजुडा हा किल्ला घेतला. स्पेनने आपली इफ्नी ही वसाहत १९६९ ला मोरोक्कोला दिलं. नियम होता का? १९६१ ला नक्कीच नव्हता. नियम बनायला ज्या घटना लागतात, त्यातली गोवा ही एक.

---

घाटमाथा

किनारपट्टी, सगळं मान्य, फक्त एक जोड. हाच युक्तिवाद दुसऱ्याने वापरला तेव्हा काय झालं? १९८२ ला अर्जेंटिनाने फॉकलंड बेटं घेतली आणि वसाहत परत घेतली असं म्हटलं. सुरक्षा परिषदेने ३ एप्रिलला ठराव ५०२ केला, १० विरुद्ध १, चार तटस्थ: अर्जेंटिनाने फौज मागे घ्यावी. तिथल्या लोकांना अर्जेंटिना नको होता, हा फरक आहेच. पण गोव्याने 'वसाहत असेल तर बळ चालतं' असा सर्वसाधारण नियम घालून दिला, हे म्हणणाऱ्याला ५०२ दाखवायचा.

---

मांडवीकाठ

फारच मोलाचं. सगळ्यांचे आभार. दोन शंका उरल्या. व्हेटोचं नक्की काय झालं? आणि १९७४ ला पोर्तुगालनेच मान्यता दिली, मग आता अवैध म्हणण्यात काय अर्थ, असं समोरून आलं तर?

---

तळटीप

व्हेटोचं गणित असं. तेव्हा परिषदेत अकरा सदस्य, ठरावाला सात मतं लागत. तक्रार पोर्तुगालने नेली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा मसुदा: लढाई ताबडतोब थांबवा, भारताने फौज १७ डिसेंबरपूर्वीच्या जागी न्यावी, दोघांनी वाटाघाटी कराव्यात. बाजूने सात: हे चौघे, शिवाय चिली, एक्वाडोर आणि राष्ट्रवादी चीन. विरोधात चार: सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक. बरोबर सात, म्हणजे सोव्हिएत मत नकाराधिकाराचं नसतं तर ठराव झाला असता. त्या अर्थाने 'व्हेटोने वाचलो' हे खरं. सिलोन वगैरेंचा मसुदा चार विरुद्ध सात असा पडला.

पण यातून निष्कर्ष काढताना सांभाळा. ठराव झाला नाही याचा अर्थ परिषदेने भारताला बरोबर ठरवलं असा नाही, तसंच सात मतं पडली म्हणून चूक ठरवलं असाही नाही. अमेरिकेचे अॅडलाय स्टीव्हन्सन फार कडवट बोलले, हा संयुक्त राष्ट्रांच्या अंताचा आरंभ ठरू शकतो इथवर गेले. तरी अमेरिकेने प्रकरण आमसभेत नेलं नाही. नेता आलं असतं, १९५० पासून तशी वाट होती. नेलं नाही कारण तिथे मतं मिळाली नसती. त्याच १९ डिसेंबरला आमसभेने ठराव १६९९ करून वसाहतींबाबत माहिती न देणाऱ्या पोर्तुगालचाच निषेध केला. पणजी पडली त्याच दिवशी! समर्थक बाजूला हा योगायोग माहीत असेल तर तुमची पंचाईत होईल. तेव्हा आधीच सांगून टाका: १६९९ मध्ये पोर्तुगालच्या वर्तनाचा निषेध आहे, भारताच्या बळाला संमती नाही.

झा यांचं एक विधान मात्र तुमच्या कामाचं. वसाहतवादाचे शेवटचे अवशेष काढणं ही आमच्या श्रद्धेची बाब आहे, सनद असो वा नसो, परिषद असो वा नसो, अशा आशयाचं ते बोलले. परिषदेच्या ९८७ आणि ९८८ व्या बैठकांची इतिवृत्तं मिळवा आणि मूळ वाक्य तिथूनच उचला, ऐकीव नको. हे विधान फार प्रामाणिक आहे, पण त्याने पहिल्या तीन कारणांखालची जमीनच काढून घेतली. सनदेत बसतं असंही म्हणायचं आणि सनदेची पर्वा नाही असंही म्हणायचं, दोन्ही एका भाषणात चालत नाही.

१९७४ चं. ३१ डिसेंबर १९७४ ला नवी दिल्लीत तह झाला. लिस्बनमध्ये एप्रिलमध्ये सत्तापालट झाल्यावरच ते शक्य झालं. पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांच्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं, आणि ते प्रदेश भारतीय घटनेनुसार ज्या-ज्या तारखांना भारतात आले त्या तारखांपासून. म्हणजे तह मागच्या तारखेपासून लागू. हे वरातीमागून घोडं असलं तरी कायदेशीर घोडं आहे. भारताच्या मालकीबद्दल आज कुणालाही प्रश्न विचारता येत नाही, आणि तुम्हीही विचारू नका. पण मालकी पक्की होणं वेगळं आणि १९६१ ला दिलेलं कारण वैध ठरणं वेगळं. तहाने पहिलं केलं. दुसऱ्याबद्दल तह काही बोलत नाही.

आणि आता हुकमाचा पत्ता. सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ चा निकाल, 'मोंतेरो विरुद्ध गोवा राज्य'. पोर्तुगीज नागरिकत्व निवडलेल्या एका धर्मगुरूवर परदेशी नागरिक कायद्याखाली खटला झाला. बचाव असा: गोवा हा परक्या फौजेने व्यापलेला प्रदेश आहे, म्हणून युद्धकाळात नागरिकांना जपणाऱ्या चौथ्या जिनिव्हा कराराचं संरक्षण मला मिळतं. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांच्या न्यायपीठाने ते फेटाळलं. कशाच्या आधारावर? गोवा कायमच आपला होता असं म्हणून नाही. लढाई संपली, प्रदेश जिंकला, २० डिसेंबर १९६१ पासून तो भारतात सामील केला, प्रतिकार उरला नाही, म्हणून लष्करी ताब्याची अवस्था संपली. म्हणजे जिंकणं आणि सामील करणं. परिषदेत 'आक्रमण होऊच शकत नाही' म्हणणाऱ्या सरकारच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेचं वर्णन असं केलं. बाराव्या घटनादुरुस्तीनेही हीच तारीख धरली आहे, १९६२ ची दुरुस्ती, अंमल २० डिसेंबर १९६१ पासून.

---

किनारपट्टी

तळटीप यांचा पत्ता शेवटच्या दोन मिनिटांसाठी ठेवा, आधी टाकलात तर समोरच्याला उत्तर शोधायला वेळ मिळेल. उत्तर आहे: न्यायालय देशांतर्गत कायद्यापुरतं बोलत होतं, बळाच्या वैधतेबद्दल नाही. त्याला तुमचं उत्तर, की मग 'आमचीच भूमी' हे कारण तरी घरातल्या न्यायालयाने का उचललं नाही?

क्रम असा ठेवा. सुरुवातीलाच 'गोवा भारताचाच, पोर्तुगाल जुलमी, वसाहत जायलाच हवी होती' हे अर्ध्या मिनिटात स्वतःहून सांगा. नाहीतर सभागृह तुम्हाला पोर्तुगालच्या हुकूमशहाचा, सालाझारचा वकील समजेल. मग अंजदीव-दीव नकाशावर, मग सुव्यवस्था आणि फौजेची बांधणी, मग हेगचा निकाल. चौथ्या कारणाला निम्मा वेळ द्या, कारण खरी लढत तिथे आहे. 'सरकारने हेच एक कारण स्वच्छ मांडलं असतं, तर वाद बरोबरीचा झाला असता. ते इतर तिघांच्या गर्दीत घुसवलं म्हणून कमजोर झालं' एवढीच तुमची मागणी ठेवा. 'कारवाई चूक होती' असं एकदाही म्हणू नका, विषयात ते नाही.

पोर्तुगाल नाटो या लष्करी कराराचा सदस्य होता म्हणून नाटो काढू नका. १९४९ च्या कराराच्या सहाव्या कलमाने संरक्षणाचा प्रदेश उत्तर अटलांटिकपुरता आखलाय, गोवा त्यात बसत नाही. समोरून कोणी काढलं तर एवढ्याच वाक्यात मिटवा.

---

जुनीसनद

एक तांत्रिक गोष्ट राहिली. उत्तरात कुणीतरी म्हणेल, 'कलम ५१ खाली भारताने केलेली कारवाई.' लगेच अडवा. कलम ५१ खाली उचललेली पावलं परिषदेला ताबडतोब कळवावी लागतात. इथे परिषदेचं दार पोर्तुगालने ठोठावलं, भारत तिथे उत्तर द्यायला उभा होता. स्वसंरक्षणाचा दावा खरोखर मुख्य असता तर पहिलं पत्र दिल्लीचं गेलं असतं.